लाल नटांना हात लावायचा नाही

९ डिसेंबर २०२४, सोमवार, सकाळचे पावणेअकरा. नाशिकच्या द्वारका चौकाच्या जरा अलीकडे गाडी मागून डुलायला लागली. आधी वाटलं रस्ताच तसला आहे. मग हँडल उजवीकडे ओढ खायला लागलं आणि आमचा जार उतरवणारा मुलगा खाली वाकून बघत म्हणाला, "ताई, मागचा बसला." गाडीत पाण्याचे भरलेले २८ जार होते आणि एका मंगल कार्यालयात साडेअकराच्या आत पाणी पोहोचवायचं कबूल केलं होतं.

आमचा जारच्या पाण्याचा धंदा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्जावर इलेक्ट्रिक तीनचाकी मालगाडी घेतली, ती मीच चालवते. घेतल्यापासून सगळी काळजी बॅटरीची. पावसात चालेल ना, रात्रभर चार्जिंगला लावली तर काही होणार नाही ना, चार वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर पैसे कुठून आणायचे. टायरचा विचार कधी आलाच नाही. तीन आहेत, काळे आहेत, गोल आहेत, एवढीच माझी माहिती. त्या सोमवारनंतरच्या दोन महिन्यांत पंक्चर, नवे टायर आणि आरटीओचं फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं एकात एक अडकत गेलं आणि मला बरंच शिकावं लागलं. मी मेकॅनिक नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत जे झालं ते तारखा आणि खर्चासकट लिहितेय.

पहिली चूक तिथल्या तिथे केली. थांबायला जागा नव्हती म्हणून बसलेल्या टायरवर गाडी तशीच दीड-दोनशे मीटर रेटली. इलेक्ट्रिक गाडी अशा वेळी कुरकुरत नाही. डिझेलची रिक्षा असती तर इंजिनाने दम टाकला असता, ही मुकाट ओढत राहिली. आत ट्यूबचं काय भजं झालं ते नंतर कळलं.

कडेला लावली आणि हेल्पलाइनला फोन केला. माणूस यायला अडीच-तीन तास लागतील म्हणाले. मंगल कार्यालयातून तोवर दोन फोन येऊन गेले होते. म्हटलं, स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, आपणच बदलू. मुलगा लगेच पाना घेऊन बसलाच.

त्याने पहिला नट अर्धा फेरा फिरवला असेल. मागून एका रिक्षावाल्या काकांनी ब्रेक मारला आणि रिक्षातूनच ओरडले, "ए, थांब! हात काढ तिथनं!" मुलगा दचकून मागे सरकला. काका खाली उतरले, उकिडवे बसले आणि बोट लावून आम्हाला दाखवलं. आमच्या गाडीची रिम दोन तुकड्यांची आहे. दोन ताटल्या पालथ्या एकमेकींवर ठेवून नट-बोल्टने आवळाव्यात तशी. त्यामुळे चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळातले मोठे नट चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाला, धरून ठेवतात, चाक काढायचं तर तेवढेच सोडायचे. बाहेरच्या वर्तुळातले लहान नट रिमचे दोन तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. आमचा मुलगा बाहेरचा नट सोडत होता.

"ह्यात हवा असताना हे नट खोलले ना, तर रिम फुटून तोंडावर येते," काका म्हणाले. मी म्हटलं, अहो पण पंक्चर आहे ना, हवा गेलीय. त्यांनी अंगठ्याने टायर दाबला. "गेली कुठे? बसलाय तो वजनाने. निम्मी अजून आत आहे." मग त्यांनी व्हॉल्व्हची टोपी काढली, खिशातून एक बारीक चावी काढून पिन फिरवली आणि फुस्स करून एवढी हवा बाहेर आली की धूळ उडाली.

रात्री घरी वहीवर ढोबळ हिशेब केला. दहा इंची रिम, म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस इंच. आत नुसती २० पौंड हवा, म्हणजे चौरस इंचामागे २० पौंड दाब, उरली असेल तरी त्या दोन तुकड्यांना लांब ढकलणारं बळ दीड हजार पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे ७०० किलो. पूर्ण ५० पौंडांना पावणेदोन टन. पोराचं तोंड त्या नटांपासून वीतभर अंतरावर होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं आहे.

काकांनी पंधरा मिनिटं थांबून चाक बदलायला मदत केली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गाडी बंद केली का?" मी म्हटलं, केली की, आवाज कुठे येतोय. ते हसले. इलेक्ट्रिक गाडी चालू असली तरी उभी असताना आवाज करत नाही, आणि माझी चावी खरंच चालूवर होती. मुलगा केबिनमधून पाना काढताना त्याचा हात ॲक्सिलरेटरवर पडला असता तर गाडी जॅकवरून उतरून चालायला लागली असती. तेव्हापासून चावी काढून माझ्या ओढणीच्या गाठीत जाते, मगच पाना बाहेर येतो. सीटखालचा मेन स्विचही पाडते.

दुसरं त्यांनी सांगितलं ते चाकाला अडण लावायचं. डिझेलची रिक्षा बंद करून गिअरमध्ये ठेवली की जागची हलत नाही. आमच्या गाडीत तसं धरून ठेवणारं काही नाही, बंद मोटर मोकळी फिरते. उरला हँडब्रेक, तो लागतो मागच्या चाकांना, आणि त्यातलंच एक आपण हवेत उचलणार. म्हणून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आणि मागच्या दुसऱ्या चाकालाही दगड. मग जार उतरवले. २८ जार उतरवायचा कंटाळा येतो, पण भरल्या गाडीला तो छोटा जॅक लावायची काकांनी छातीच करू दिली नाही. उतरवलेल्या जारांची मागे रांग लावली, ती येणाऱ्या गाड्यांना दिसायलाही बरी पडली.

जॅक कुठे लावायचा हा इलेक्ट्रिक गाडीत फार महत्त्वाचा प्रश्न आहे. खालून बघितलं तर सपाट, मजबूत, जॅक लावायला अगदी सोयीची दिसते ती बॅटरीची पेटी. तिथे लावायचा नाही. मागच्या आसावर मोटर बसवलेली आहे, तिच्या खोक्यालाही नाही, आणि जाड वायर जिथून जातात तिथे तर नाहीच. गाडीच्या पुस्तकात जॅकची जागा चित्रासह दिली होती. ते पुस्तक दोन वर्षं घरी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. मऊ जागा असेल तर जॅकखाली फळी. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, चाक उचलल्यावर पूर्ण काढायचे.

चाक निघालं, स्टेपनी लावली, जॅक उतरवला आणि स्टेपनी बसली. म्हणजे शब्दशः बसली. दोन वर्षांत तिच्यात कुणी हवा बघितलेलीच नव्हती. त्यातच जेमतेम सात-आठ पौंड हवा असावी. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटी दुसऱ्या रिक्षातून जार पाठवले, ४०० रुपये भाडं गेलं, आणि मंगल कार्यालयवाल्यांनी पुढची ऑर्डर दिली नाही.

दुपारी दोन्ही चाकं घेऊन टायरवाल्या चाचांकडे गेले. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक कॉम्प्रेसर, पाण्याने भरलेलं लोखंडी घमेलं आणि भिंतीला टांगलेल्या ट्यूबा. चाचांनी चाक आडवं टाकलं. आधी पिन काढली, व्हॉल्व्हला तार घालून हवा खरंच गेली का बघितलं, आणि त्यानंतरच रिमचे नट सोडायला घेतले. मी मुद्दाम विचारलं, रोज शंभर चाकं करता, प्रत्येक वेळी बघता? म्हणाले, "बेटी, एकदा नाही बघितलं." डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. पेरं नव्हती. मी पुढे काही विचारलं नाही.

रिम उघडली तेव्हा आतून ट्यूबचा काळा भुगा पडला. पंक्चर एकच होतं, टाचणीएवढ्या खिळ्याचं. पण मी बसलेल्या टायरवर गाडी रेटल्यामुळे ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून चार ठिकाणी फाटली होती, व्हॉल्व्हच्या मुळाशी वेगळीच. १२० रुपयांचं पंक्चर ३८० रुपयांच्या ट्यूबवर गेलं. चाचांनी टायरच्या आतून फडकं फिरवलं. फडकं कशाला? तर खिळा अजून रुतलेला असेल तर फडकं अडकतं, बोट फिरवलं तर बोट. मग उजेडाकडे धरून आतली बाजू बघितली. दोऱ्यांचा थर उकललेला नव्हता. बाजूच्या भिंतीला चीर गेलेली किंवा फुगवटा आलेला असता तर टायर फेकायचाच, त्याला पंक्चर लावून चालवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आतून जुन्या टायरचा तुकडा टाकून, म्हणजे गेटर टाकून, असे टायर चालवणारे पुष्कळ आहेत. मालवाहू गाडीला ते करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग चाचांनी विचारलं, "हवा किती ठेवता?"

मी म्हटलं, टाइट वाटेल इतकी.

त्यांनी टायर उभा करून मला दाखवला. मधल्या पट्ट्यावर नक्षी अजून होती, दोन्ही कडा मात्र गुळगुळीत. हवा कमी आणि वजन जास्त असलं की टायर मधून आत दबतो आणि कडांवर चालतो. उलट हवा जास्त झाली तर मधला भाग आधी जातो. एकाच कडेला झीज असेल तर आस किंवा बेअरिंग बघायचं. मला हे दोन वर्षं रोज डोळ्यासमोर होतं, फक्त वाचता येत नव्हतं.

घरी आल्यावर आरसी काढली. त्यावर गाडीचं भरल्या वजनासह एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही असतं. वजाबाकी केली तर ५५० किलो. २० लिटरचा जार भरल्यावर २१ किलोच्या आसपास. २८ जार म्हणजे ५८८. वर मी ६२ आणि मुलगा ५५. एकूण ७०५ किलो! दीडशे किलो जादा, तेही रोज, तेही अंदाजाने भरलेल्या हवेवर. विक्रेत्याने गाडी विकताना "आरामात तीस जार जातात" असं सांगितलं होतं. जातात, खरंच जातात.

केबिनच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर हवेचा आकडा असतो. माझ्या गाडीला पुढे ३२ आणि मागे ५० पौंड. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पट्टी किंवा पुस्तक बघा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो. ३५० रुपयांचा काट्याचा गेज घेतला. पंपावरच्या यंत्राशी ताडून बघितला, एक पौंडाचा फरक निघाला, चालतं. मग एका सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजलं तर मागच्या डाव्या चाकात ३१ भरले. अंगठ्याने दाबून तो टायर मला टणक लागला होता.

हवा नेहमी गार टायरमध्ये बघायची. दहा-बारा किलोमीटर धावल्यावर टायर तापतो आणि आकडा आपोआप चढतो. तो चढलेला बघून हवा सोडली की रात्री गार झाल्यावर पुन्हा कमी. मी एप्रिलमध्ये भर दुपारी पंपावर "जास्त आहे, कमी करा" म्हणून अशी हवा काढून घेतलेली मला स्वच्छ आठवते.

आता फिटनेस. मालवाहतुकीच्या नव्या गाडीला पहिलं फिटनेस दोन वर्षांचं मिळतं. माझं १६ फेब्रुवारी २०२५ ला संपत होतं. मुदत उलटली तर काय, हा विषय रिक्षावाल्यांच्या तोंडी किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी लवकर हालचाल केली. २० जानेवारीला परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज केला. इथे अडकले ते मोबाइल नंबरपाशी. गाडीच्या नोंदीला माझा जुना नंबर होता, ओटीपी तिकडे जात होता. नंबर बदलण्यात दोन दिवस गेले. कुणी अर्ज करणार असेल तर आधी हा नंबर तपासा. मग ६०० रुपये ऑनलाइन भरले, ३१ जानेवारीची वेळ मिळाली.

कागद म्हणाल तर आरसी, चालू विमा, जुनं फिटनेस, लायसन्स. बॅटरीच्या गाडीला पीयूसी लागत नाही आणि मालवाहतुकीच्या परमिटचीही अट नाही, तरी रांगेतल्या दोघांनी मला "पीयूसी काढलं का?" म्हणून घाबरवलं. मी आदल्या दिवशी गाडी धुतली, मागचा एक दिवा जळत नव्हता तो ७० रुपयांत बदलला, चकाकणारी पट्टी एका कोपऱ्यात सोलली होती ती नवीन लावली. धुताना एक सांगते, प्रेशरचा फवारा मोटरच्या आणि बॅटरीच्या जोडण्यांवर मारायचा नाही. बादली आणि फडकं.

टायरचं मात्र मी स्वतःला समजावलं होतं. मधे नक्षी आहे ना, चालेल.

३१ तारखेला सकाळी साडेआठला पोहोचले, नंबर आला सव्वाबाराला. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक, आरसे बघितले आणि मागच्या उजव्या चाकाशी वाकले. टायरच्या खोबणीत मधूनमधून रबराचे बारीक उंचवटे असतात, झिजत झिजत टायर त्यांच्या पातळीला आला की संपला. ते कुठे आहेत हे सांगायला भिंतीवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तीनचाकीला नक्षीची खोली कमीत कमी ०.८ मिलिमीटर हवी असा नियम आहे, मोठ्या गाड्यांना १.६. माझ्या कडा शून्यावर होत्या. "मॅडम, हे दोन्ही मागचे बदला आणि या," एवढं म्हणून शेरा लिहिला. आवाज चढवला नाही की काही नाही. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि आधी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हप्ता ५ तारखेला, टायरचे पाच हजार, आणि पुढची तारीख मिळेल की नाही ते माहीत नाही. डोळे भरून आले होते. मुलाने न सांगता चहा आणून दिला.

आधी विम्याकडे विचारलं. नुसत्या टायरचं नुकसान विम्यात बसत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत मिळू शकते, एवढंच. टायरच्या वॉरंटीसाठीही अर्ज टाकून बघितला. कंपनीचा माणूस येऊन झीज मोजून गेला आणि नऊ दिवसांनी उत्तर आलं, बनावटीत दोष नाही. बरोबरच होतं.

१ फेब्रुवारीला टायरच्या दुकानात गेले. पहिल्या दुकानदाराने रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले, दाखवले, ९०० रुपयाला एक. दुसऱ्याने त्याच मापाचे पण ६ प्लायचे नवे टायर दाखवले, ४०० रुपये स्वस्त. माझ्या जुन्या टायरवर ४.५०-१० आणि पुढे ८ पीआर, म्हणजे ८ प्लाय, असं होतं. प्लाय म्हणजे टायरच्या वजन पेलण्याच्या ताकदीचा आकडा. पाण्याचे जार वाहणाऱ्या गाडीला तिथे पैसे वाचवायचे नाहीत असं मी ठरवूनच गेले होते. आयएसआयची खूण बघितली. भिंतीवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे बघितले, ४२२४ होते, म्हणजे २०२४ सालच्या ४२व्या आठवड्यात बनलेला. दुकानदाराने आधी काढून दिलेल्या जोडीतल्या एकावर ११२१ होतं. नवीनच दिसत होता, अगदी रबराच्या केसांसकट. जवळजवळ चार वर्षं माळ्यावर पडलेला टायर मी कशाला घेऊ? परत दिला तर म्हणाला, "ताई, एवढं कुणी बघत नाही."

दोन टायर प्रत्येकी २,२५०, दोन नव्या ट्यूबा प्रत्येकी ३८०. नव्या टायरात जुनी ट्यूब घालू नये. ताणलेली असते, घडी पडते आणि त्या घडीवर फाटते. एकाच आसावरचे दोन्ही टायर एकदम आणि एकाच नक्षीचे घ्यायचे.

बसवून घेतले चाचांकडेच, चाकामागे १०० रुपये. रिमच्या आत गंजाचे पोपडे होते. चाचांनी कानस आणि सँडपेपरने ते घासून काढायला अर्धा तास घेतला, कारण तेच पोपडे ट्यूबला टोचतात. ट्यूबला पावडर चोळली, जरा हवा भरून घड्या उलगडल्या, मग रिमचे दोन तुकडे जोडले. नट लावताना एकानंतर शेजारचा असं नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. हवा भरतानाची त्यांची पद्धत मी बघत उभी राहिले तर मला हाताने लांब ढकललं. चाक आडवं टाकून वर जड लोखंडी चौकट ठेवली, नळीला चिमट्याचं तोंड लावलं आणि स्वतः दोन हात बाजूला जाऊन उभे. आधी दहा-बारा पौंड. थांबून टायर सगळीकडून रिमवर सारखा बसलाय का बघितलं. एका जागी वर आला होता. सगळी हवा काढली, ठोकून बसवला, पुन्हा भरली. मग ५०.

एवढी मेहनत बघून मी १०० ऐवजी १५० देऊ केले. घेतले नाहीत. "सोमवारी हवा बघत जा," म्हणाले.

गाडीच्या पुस्तकात चाकाचे नट किती आवळायचे त्याचा आकडा असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. तो चाचांकडे नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आवळून घेतले, पैसे घेतले नाहीत, पण वेळ तीन दिवसांनंतरची मिळाली. तोवर रिकामी गाडी हळू चालवली. ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायला सांगितलं होतं. मला ते उगाच वाटलं. केलं, तर डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला.

जुन्या दोनपैकी बऱ्यातल्या टायरला स्टेपनी करावं असं मनात होतं. चाचांनी दोन्ही बाजूला टाकले आणि आधीच्या स्टेपनीत ५० पौंड भरून दिले. ती कोरीच होती, बिचारी.

११ फेब्रुवारीला पुन्हा तपासणी. दीड तासात काम झालं. निरीक्षकांनी टायरवरून हात फिरवला आणि सही केली. मुदतीच्या पाच दिवस आधी. टायर, ट्यूब, बसवणं, दिवा, पट्टी आणि फी धरून साडेसहा हजारांच्या आत खर्च आला. डिसेंबरच्या दिवसाची ट्यूब, रिक्षाभाडं आणि गेलेली ऑर्डर त्यात धरलेली नाही.

तेव्हापासून सोमवारी सकाळी साडेसहाला, गाडी हलवायच्या आधी चारही चाकं मोजते. चारही, म्हणजे स्टेपनीसकट. वहीत आकडे लिहिते. एखाद्या चाकात आठवड्याला चार-पाच पौंड उतरत असतील तर पिनवर थुंकी लावून बघते, बुडबुडा आला तर पिन बदलते, १० रुपयांचं काम. व्हॉल्व्हची टोपी हरवलेली ठेवत नाही. टायरच्या खोबणीत अडकलेले खडे काढते. जार २० च भरते. फेऱ्या वाढल्या आहेत, हे नाकारत नाही, आणि उन्हाळ्यात ते परवडतं की नाही ते अजून बघतेय. आधी फुल चार्जवर गाडी ७० किलोमीटरच्या आत यायची, आता ७८-८० जाते. त्यात हवेचा वाटा किती आणि कमी वजनाचा किती ते मला वेगळं करता येणार नाही.

काही इलेक्ट्रिक गाड्यांना ट्यूबलेस टायर येतात. माझ्या दिराच्या गाडीला आहेत. त्याने बाहेरून रबराची दोरी खुपसून पंक्चर काढलं आणि तसंच सहा महिने चालवलं. चाचांच्या मते ती दोरी दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. टायर उतरवून आतून पॅच लावून घ्यायचा. दीर ऐकणार नाही, पण इथे लिहून ठेवते.

त्या ९ डिसेंबरच्या रात्रीच मी एक काम केलं होतं. मुलीची लाल नेलपॉलिश घेतली, अंगणात टॉर्च लावून बसले आणि तिन्ही चाकांच्या आणि स्टेपनीच्या रिमचे बाहेरच्या वर्तुळातले सगळे नट रंगवले. मुलाला सांगितलं, लाल नटांना रस्त्यावर हात लावायचा नाही, ते फक्त चाचांचे. मार्चमध्ये सातपूरला पुन्हा खिळा लागला. चावी ओढणीत, दगड, जार खाली, जॅक, काळे नट, स्टेपनी. ३५ मिनिटं लागली, त्यातली वीस मिनिटं जार उतरवण्या-चढवण्यात गेली.

परवा स्टँडवर ते द्वारकाचे रिक्षावाले काका भेटले. चाकाकडे बघत बघत गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ही बाटली कितीला मिळते?"

चाळीस रुपये, मी म्हटलं. अर्धी उरलेली डॅशबोर्डच्या खणातच होती, ती त्यांना देऊन टाकली.